१६:८ की मेडिटेरेनियन? आधी रात्रीचं ताट बघू

प्रश्न: माझं वय ४६, उंची १५६ सेंमी, वजन ७४ किलो. बँकेत नोकरी, घरी यायला सात वाजतात. मिस्टरांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. माझ्या मैत्रिणीचं १६:८ (आठ तासांतच खायचं, सोळा तास उपास) करून तीन महिन्यांत सहा किलो उतरलं, म्हणून आम्हा दोघांनाही ते सुरू करायचंय. म्युनिकला असलेली मुलगी म्हणते, उपाशी राहू नका, मेडिटेरेनियन (भूमध्य समुद्राकाठचं) जेवा, ऑलिव्ह ऑइल आणा. अंडी-मासे खातो, एकादशी आणि गुरुवार सोडून. यातलं काय करावं? आणि १६:८ मध्ये सकाळचा दुधाचा चहा चालतो का?

उत्तर:

आधी तुमच्या मिस्टरांबद्दल, कारण तो विषय थांबू शकत नाही. त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सकाळचा नाश्ता बंद करू नये. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सकाळी सवयीने गोळी घेतली आणि दुपारी एकपर्यंत काही खाल्लं नाही, तर साखर खाली जाऊन घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी हे सगळं होऊ शकतं. माझ्याकडे एक गृहस्थ असेच आले होते. व्हिडिओ बघून त्यांनी उपवास सुरू केला, गोळी तशीच चालू ठेवली आणि चौथ्या दिवशी सिग्नलला स्कूटरवरून पडले. नशिबाने खरचटण्यावर निभावलं. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचं आणखी वेगळं आहे: लांब उपाशी राहिलं तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात किटोन (चरबी जळताना होणारे आम्ल पदार्थ) साचून आजारपण ओढवू शकतं. नुसती मेटफॉर्मिन असेल तर भीती बरीच कमी. म्हणून त्यांनी आधी गोळ्यांचा डोस आणि वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात, घरी ग्लुकोमीटर ठेवावा, मग जेवणाच्या वेळा हलवाव्यात. हाच क्रम, उलटा नाही.

आता तुमचा प्रश्न. गेली बावीस वर्षं मी आहाराचा सल्ला देते आहे आणि एवढ्या काळात ‘यापैकी कुठलं?’ या प्रश्नातली नावं तेवढी बदलत गेली. महाराष्ट्रात तर हा वाद घरोघरी झालेला आहे. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदाच जेवायची आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायची पद्धत, दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं खा म्हणणारे. लग्नाच्या पंगतीत बसलेली माणसं घड्याळ लावून जेवताना मी पाहिली आहेत. तेव्हा १६:८ मध्ये आपल्याला नवं काही नाही. जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवण उरकतात, चातुर्मासात एकभुक्त राहणारी माणसं तुमच्या माझ्या आजोळीही असतील.

१६:८ म्हणजे दिवसातले आठ तास खायचं, सोळा तास नाही. काय खायचं याबद्दल ते गप्प आहे. मेडिटेरेनियन पद्धत बरोबर याच्या उलट: ती काय खायचं ते सांगते, केव्हा आणि किती याबद्दल फारसं बोलत नाही. त्यामुळे या दोघांची कुस्ती लावणंच थोडं चुकीचं आहे. पण तुम्ही विचारलंय, तर आकडे बघू.

१६:८ चा बराच गाजावाजा झाल्यानंतर २०२० साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ११६ जणांवर चाचणी घेतली. एका गटाने दुपारी १२ ते रात्री ८ याच वेळेत खायचं, दुसऱ्याने नेहमीसारखं तीनदा. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी ०.९४ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ०.६८ किलोने. हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान आहे. ज्यांची तपशिलात तपासणी झाली, त्यांच्यात घटलेल्या वजनाचा मोठा भाग स्नायूंसारख्या चरबी नसलेल्या ऊतींचा निघाला. ही गोष्ट तुमच्या वयाच्या बाईने विसरू नये, तिच्याकडे मी परत येणार आहे.

दुसरी चाचणी चीनमधल्या ग्वांगझूची, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली. लठ्ठ असलेले १३९ जण, पूर्ण एक वर्ष. इथे दोन्ही गटांना कमी कॅलरी ठरवून दिल्या होत्या. एका गटाला वर अट, सकाळी ८ ते दुपारी ४ याच वेळेत जेवायचं. वर्षाअखेर त्यांचं वजन ८ किलो उतरलं, अट नसलेल्यांचं ६.३ किलो. हाही फरक संख्याशास्त्राच्या कसाला उतरला नाही. मला यातून दिसतं ते असं, की काम कमी खाण्याने केलं. घड्याळाने काही लोकांना कमी खायला मदत केली, एवढंच त्याचं श्रेय.

मग मैत्रिणीचे सहा किलो? ते खोटे नाहीत. तिला विचारून बघा, पूर्वी रात्री साडेनऊनंतर काय काय पोटात जायचं. फरसाण, बिस्किटं, मालिका बघताना शेंगदाणे, फ्रीजमधली उरलेली मिठाई. आठ वाजता स्वयंपाकघराला कुलूप लागलं की हे सगळं आपोआप बंद होतं आणि काही न मोजता रोजच्या तीन-चारशे कॅलरी जातात. शिवाय पहिल्या दोन आठवड्यांत जे भराभर उतरतं, त्यात बरंच पाणी असतं. यकृत आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साठा कमी झाला की पाणीही जातं, नीट जेवलं की परत येतं. काट्यावरचा हा आनंद आणि नंतरचं दुःख, दोन्ही पाण्याचंच.

‘सोळाव्या तासाला पेशींची सफाई सुरू होते’ हा निरोप तुम्हालाही आला असेलच. जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल पारितोषिक मिळालं ते पेशी आपला कचरा कसा पचवतात या शोधासाठी, आणि त्यांचं मूळ काम यीस्टवर होतं. माणसाच्या शरीरात सोळा तास भरले की घंटा वाजते, असं त्यातून कुठेही निघत नाही. तसंच, २०२४ च्या मार्चमध्ये ‘आठ तासांत जेवणाऱ्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका ९१ टक्के जास्त’ अशी बातमी आली होती, तिनेही घाबरू नका. तो अमेरिकेतल्या सुमारे २०,००० लोकांच्या सर्वेक्षणावर बेतलेला निष्कर्ष होता आणि लोकांनी दोन दिवस काय खाल्लं याच्या आठवणीवरून त्यांची वर्गवारी केली होती. आजारपणामुळे जेवण टळलेला माणूसही त्यात ‘उपवास करणारा’ ठरतो.

आता मुलीच्या बाजूने. मेडिटेरेनियन जेवणाची कीर्ती झाली ती अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्यामुळे. १९५८ पासून त्यांनी सात देशांतल्या पुरुषांचा आहार आणि हृदयविकार यांची तुलना सुरू केली. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी त्यात ठळकपणे वेगळे दिसले: चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चरबीतून, तीही बहुतेक ऑलिव्ह तेलातून, आणि हृदयविकार अगदी कमी. पण हे शेतकरी दिवसभर डोंगरउतारावर राबत होते. त्यांच्या ताटात रानभाज्या, डाळी, जाडाभरडा पाव होता, मांस सणासुदीला. आज पुण्यात ‘मेडिटेरेनियन’ म्हणून मिळणारा मैद्याचा पिता, मेयोनीज आणि तळलेला फलाफल यांचा त्याच्याशी संबंध नावापुरता.

क्रीटबद्दलची एक गोष्ट मात्र या वादात कुणी सांगत नाही. ही माणसं ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन होती आणि त्यांच्या धर्मात वर्षाचे १८० ते २०० दिवस उपवासाचे असतात. त्यांचा उपवास म्हणजे मांस, दूध, चीज, अंडी वर्ज्य. उपाशी राहायचं नाही, पण ताटात येणार डाळी, पालेभाजी, पाव, ऑलिव्ह, कधी गोगलगायी. म्हणजे उपवासाच्या दिवशी त्यांचं ताट हलकं व्हायचं. आपलं बघा. आपण डाळ, भाजी, भाकरी सोडतो आणि साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा, तूप घेतो. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिनं नावाला. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. तुमच्या एकादशीवर माझा आक्षेप नाही, खिचडीच्या दुसऱ्या वाढपावर आहे. त्या दिवशी वरी, राजगिरा, दही, काकडी, ताक, फळ घ्या आणि खिचडी अर्धी वाटी.

वजनाच्या बाबतीत मेडिटेरेनियनची सगळ्यात चांगली चाचणी मला इस्रायलमधली वाटते. २००८ मध्ये आलेली, दिमोना इथल्या एका अणुसंशोधन केंद्रातल्या ३२२ लोकांवर, दोन वर्षं चाललेली. दुपारचं मुख्य जेवण कँटीनमध्ये, त्यामुळे आहार पाळणंही सोपं गेलं. कमी चरबीच्या गटाचं वजन २.९ किलो उतरलं, मेडिटेरेनियनचं ४.४, कमी कर्बोदकांचं ४.७. चाचणी संपल्यावर लोकांना त्यांच्या वाटेने जाऊ दिलं आणि सुरुवातीपासून सहा वर्षं झाल्यावर पुन्हा वजन केलं. तेव्हा मेडिटेरेनियन गटाने ३.१ किलोची घट राखली होती, कमी कर्बोदकांच्या गटाने १.७ आणि कमी चरबीच्या गटाने जेमतेम ०.६. मी पेशंटला हे आकडे मुद्दाम सांगते. दोन वर्षांनी जो पहिला होता, तो सहा वर्षांनी पहिला राहिला नाही. मुद्दाम लक्षात ठेवा, त्या मेडिटेरेनियन गटातही बायकांना १५०० आणि पुरुषांना १८०० कॅलरींची मर्यादा होती. नुसतं ऑलिव्ह तेल ओतून वजन उतरलं नव्हतं.

स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर झालेली मोठी चाचणी तुमच्या मुलीच्या वाचनात असेल. २०१३ ला प्रसिद्ध झाली, गट पाडताना काही केंद्रांवर घोळ झाल्याचं कळल्यावर २०१८ मध्ये मागे घेतली आणि पुन्हा विश्लेषण करून छापली. निष्कर्ष जवळपास तोच राहिला: भरपूर ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे ३० टक्के कमी. ही चाचणी हृदयाची होती, वजनाची नव्हती. तुमच्या मिस्टरांसाठी मात्र हीच जास्त महत्त्वाची, कारण मधुमेहात खरी भीती हृदयाचीच.

माझा कौल विचाराल तर ताट मेडिटेरेनियन धाटणीचं, स्वयंपाक आपला, आणि घड्याळाची मदत फक्त रात्रीपुरती. सोळा तासांचा हट्ट मी तुम्हाला धरायला सांगणार नाही.

का, ते सांगते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३०.४ येतो. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण आपली शरीरं बारीक दिसूनही आत चरबी बाळगतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा दोघांचा मिळून एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. मी तो फोटो दवाखान्यात लावला आहे, त्यामुळे व्याख्यान द्यावं लागत नाही. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी, त्यात पाळी जाण्याचं वय जवळ आलं की ते आणखी घटू लागतात. अशा वेळी दिवसातलं एक जेवण कापलं, तर चरबीसोबत स्नायूही जायची भीती. तुम्हाला रोज साधारण ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतील. वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅम असतात, घट्ट उसळीच्या वाटीत सात-आठ, दोन अंड्यांत बारा. आठ तासांत दोन जेवणांत हा हिशेब बसवून दाखवा! बसतो, पण दहातल्या दोघींना.

म्हणून करायचं काय? तुम्ही सात वाजता घरी येता. जेवण साडेनऊला होतं, असा माझा अंदाज आहे, आणि त्याआधी भूक लागली म्हणून चहासोबत काहीतरी. ते जेवणच अलीकडे ओढा. साडेसात, फार तर आठ. कुकर सकाळीच लावून ठेवलेला, मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तयार, आल्यावर फोडणी आणि भाकरी. आठनंतर पाणी. सकाळी साडेआठला नाश्ता केलात तरी साडेबारा तास झाले, कुणाला सांगायचीही गरज नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर पाच आठवड्यांचा एक छोटा प्रयोग झाला होता. दुपारी तीनच्या आत दिवसाचं सगळं जेवण संपवल्यावर वजन न उतरताही त्यांचं इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलं. आठच माणसं, म्हणून त्यावर इमले बांधायला नकोत. पण जेवण लवकर सरकवायचं असेल तर रात्रीचं सरकवावं, सकाळचं टाळू नये, या माझ्या अनुभवाशी ते जुळतं. लोक नेमकं उलट करतात, कारण नाश्ता सोडणं सोपं आणि रात्रीच्या जेवणाला सगळं घर एकत्र बसतं. मला ते कळतं. मग घरालाच आठ वाजता बसवा.

ताटाबद्दल. सध्या आपल्या ताटात भात-पोळी मधोमध असते आणि उसळ कडेला, लोणच्याच्या शेजारी. जागा बदला. दीड वाटी घट्ट उसळ किंवा आमटी, तेवढीच पालेभाजी, मूठभर नव्हे, वाटीभर कोशिंबीर, आणि एक ज्वारीची भाकरी. भात हवा असेल तर भाकरी अर्धी. मूग, मटकी, मसूर, चवळी, हरभरा, कुळीथ: क्रीटच्या शेतकऱ्याला हेवा वाटावा इतकी कडधान्यं आपल्याकडे आहेत. आठवड्यातून दोनदा मासे, आणि पापलेटपेक्षा बांगडा किंवा तारली. स्वस्त, आणि ओमेगा-३ त्यांच्यात जास्त. तळू नका, तिखलं करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा. शाकाहाराच्या दिवशी जवसाची चटणी.

ऑलिव्ह ऑइल मुलीने आणलं तर कोशिंबिरीवर घाला, चांगलं लागतं. त्यासाठी दर महिन्याला पैसे घालवू नका. घाण्याचं शेंगदाणा तेल जवळपास अर्धं त्याच जातीच्या एकअसंपृक्त चरबीचं असतं. तेल कुठलं यापेक्षा किती, हा तुमच्या घरातला प्रश्न आहे. एका मोठ्या चमच्यात सव्वाशे कॅलरी, ऑलिव्हचं असो की सोयाबीनचं. दोघांना मिळून महिन्याला एक लिटर. पहिल्या तारखेला एका बाटलीत काढून ठेवा आणि वीस तारखेला किती उरलंय ते बघा. सुकामेवाही तसाच: ३० ग्रॅम म्हणजे मूठभर, शेंगदाणे चालतील. पण तो फरसाणाच्या जागी यायला हवा, सोबत नाही. आणि मेडिटेरेनियन जेवणासोबत रेड वाइनचा ग्लास असतो म्हणून मिस्टर काही सुचवत असतील, तर त्यांना सांगा, न पिणाऱ्याने सुरू करण्याइतका तो गुणकारी नाही.

१६:८ कुणाला जमतं, हेही सांगून ठेवते. ज्यांना सकाळी खरोखर भूक नसते, जे मोजमाप करायला कंटाळतात, ज्यांचं सगळं वजन रात्रीच्या चरण्यात आहे. अर्धशिशी, पित्ताचे खडे, जोराची आम्लता, पूर्वी कधी अधाशासारखं खाण्याचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांत ते नको. शिकागोत एक दिवसाआड उपवासाची वर्षभराची चाचणी झाली होती, तिथे उपवासाच्या गटातले ३८ टक्के लोक मध्येच सोडून गेले, रोज थोडं कमी खाणाऱ्यांपैकी २९ टक्के. जे टिकले त्यांचं वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं.

तुमचं लक्ष्य सहा महिन्यांत चार ते पाच किलो ठेवा. मैत्रिणीच्या निम्म्याहूनही कमी वेगाने, हो. आठवड्यातून दोनदा बळ लागणारे व्यायाम, दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या तरी सुरुवातीला पुरे, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. काट्याइतकाच टेपचाही उपयोग करा: कंबर बायकांची ८० सेंमीच्या आत, पुरुषांची ९० च्या आत. महिन्यातून एकदा, सकाळी, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता.

राहिला चहा. काटेकोर १६:८ मध्ये दूध-साखरेचा चहा उपवास मोडतो, कोरा चालतो. पण तुम्ही ते करत नाही आहात, म्हणून सकाळचा एक कप दुधाचा खुशाल घ्या, साखर अर्धा चमचा. मला काळजी बँकेतल्या चहाची आहे. दिवसभरात चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे जवळजवळ चाळीस ग्रॅम साखर, आणि सोबत टेबलावर उघडा पडलेला बिस्किटांचा पुडा. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तिथे किती कप होतात, ते मोजून कळवा.